गिरणीतले डबे, ३२ पानं आणि काही प्रश्न: फोटोंचं पुस्तक स्वतः छापलंय का कुणी?

पांढरी_पाटी

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं मी पुण्यातल्या पेठांमधल्या पिठाच्या गिरण्यांत फोटो काढते आहे. सुरुवात आमच्याच गल्लीतल्या गिरणीत झाली. दळण टाकायला गेले होते, नंबर लागायला वेळ होता, म्हणून फोनवर डब्यांचा एक फोटो काढला. घरी येऊन बघितला तर त्यात किती काय काय होतं! तुपाच्या जुन्या डब्यावर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं आडनाव, शेजारी ॲल्युमिनियमच्या कडीच्या डब्याला कपड्यांच्या चिमट्यानं लावलेली 'ज्वारी, बारीक' अशी चिठ्ठी, मागे रंगाच्या रिकाम्या बादलीत भाजणी. दिव्यावर पीठ, देवाच्या तसबिरीवर पीठ, गिरणीवाल्या काकांच्या पापण्यांवर पीठ. तेव्हापासून मी जातेच आहे. मधल्या काळात यातल्या दोन गिरण्या बंदही झाल्या.

आता २१४ फोटो जमलेत. मला प्रदर्शन नको आहे. हातात धरता येईल, पिशवीत टाकता येईल असं वहीएवढं पुस्तक हवंय. ३२ पानं, १०० प्रती. मैत्रिणीनं मुंबईहून आणलेली एक झीन (स्वतःच करून छापलेली छोटी पुस्तिका) बघितली आणि हे आपल्यालाही जमेल असं वाटलं. पण बसले की अडते:

२१४ मधून ३० कसे निवडायचे? फोटोखाली काही लिहायचं की नाही? डब्यांवर लोकांची नावं आहेत, ती छापावीत का? आणि छापायचं कुठं, कशावर?

कुणी केलं असेल तर सविस्तर लिहा. चुकाही लिहा, त्यांचा जास्त उपयोग होईल.

३५मिमी

विषय फार आवडला. वाचनखूण साठवली आहे.

निळा_पडदा

मी दोन केली आहेत, एक बरी झाली आणि एक फसली. निवडीपासून सुरू करतो.

संगणकावर निवडू नका. सगळे २१४ फोटो साध्या लॅबमधून पोस्टकार्डाएवढे छापून आणा आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या फरशीवर पसरा. दोन दिवस पसरलेलेच राहू द्यात, येता-जाता हलवत राहा. 'चांगला फोटो' निवडायचा नाही हे मला फार उशिरा कळलं. पुस्तकात फोटो एकटा नसतो. डावीकडे कोण आहे, उजवीकडे कोण, आणि पान उलटल्यावर काय येतं, यावर तो ठरतो. माझा सगळ्यात देखणा फोटो मला काढावा लागला, कारण तो आला की शेजारचे सगळे गप्प व्हायचे.

फोटोग्राफर दयानिता सिंग यांचं काम बघा. त्या स्वतःला पुस्तकं करणारी म्हणवतात आणि ते खरंच आहे. २००८ चं 'सेंट अ लेटर' म्हणजे कापडी पेटीत सात छोट्या पुस्तिका, प्रत्येक पंख्यासारख्या घड्यांची. ती मुळात मित्रांसाठी होती. कुणाबरोबर प्रवास केला की त्या प्रवासाच्या फोटोंच्या दोन वह्या करायच्या, एक त्या मित्राला पाठवायची आणि एक स्वतःकडे ठेवायची. घडी उलगडून कपाटावर उभी केली की तेच प्रदर्शन. कोलकात्यात एका जवाहिऱ्याच्या दुकानाच्या काचेत दागिन्यांच्या जागी ती मांडली होती. पुढे २०१७ मध्ये 'म्युझियम भवन' आलं, त्यात अशा नऊ पुस्तिका. म्हणजे फोटो आधी आणि पुस्तक नंतर असं नाही, पुस्तक हेच काम.

आणि सोहराब हुरा या फोटोग्राफरचं 'द कोस्ट' मिळालं तर जरूर चाळा. स्वतःच्याच छोट्या प्रकाशनातून काढलेलं, आणि २०१९ मध्ये त्याला पॅरिस फोटो हा मेळा आणि ॲपर्चर ही संस्था यांचा वर्षातल्या सर्वोत्तम फोटोपुस्तकाचा पुरस्कार मिळाला. त्यात फोटो पुन्हा येतात, पण शेजारी वेगळा असतो. जोडी बदलली की अर्थ बदलतो. तुमच्या डब्यांना हे फार लागू पडेल.

शंकेखोर

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

हेच फोटो इन्स्टावर टाकले तर हजारो लोक बघतील. १०० प्रती म्हणजे १०० लोक, त्यातले ६० ओळखीचे. वर उल्लेख आलेली पुस्तकं मी किमतीसकट बघितली आहेत, साधा माणूस ती हातात घ्यायला घाबरतो. मग ही कला पोचते कुणापर्यंत? गिरणीवाल्यापर्यंत तर नाहीच.

मोगरी

@शंकेखोर, किमतीचा मुद्दा मला पटतो, पण तो महागड्या पुस्तकांचा आहे. ५० रुपयांच्या झीनला कोण घाबरेल? मुंबईत 'बॉम्बे अंडरग्राउंड' ही मंडळी कितीतरी वर्षं झीन छापतात, वाटतात. 'धारावी आर्ट रूम'मध्ये मुलं-बायका स्वतः करतात. २०१७ मध्ये त्यांनी बॉम्बे झीन फेस्ट सुरू केला. तिथे मी चहाच्या किमतीत झीन घेतल्या आहेत, काही तर अदलाबदलीत. माझी देऊन त्यांची घ्यायची.

आणि हजारो लोक बघतील म्हणता, पण किती वेळ? माझ्या फोनवर डब्याचा फोटो आला तर मी अंगठ्यानं ढकलून पुढे जाईन. पुस्तक हातात असलं की त्या चिमट्यापर्यंत नजर जाते.

घडीवर_घडी

बांधणीच्या कामात २२ वर्षं झाली, म्हणून फक्त त्याबद्दल लिहितो.

१) पानं नेहमी ४ च्या पटीत. ३२ उत्तम. ए४ मधोमध दुमडला की ए५ ची चार पानं, म्हणजे ३२ पानांना आठ कागद. वर वेगळं जाड कव्हर.

२) एवढ्या पानांना सेंटर पिन मारा. परफेक्ट बाइंडिंगचा हट्ट धरू नका. ते गोंदावर उभं असतं, एवढ्या पातळ पुस्तकाला पाठ मिळत नाही आणि पुस्तक सपाट उघडत नाही. फोटोचा मधला भाग पाठीत गिळला जातो.

३) कागदाला धार असते. लांबीच्या दिशेनं धागे धावतात की रुंदीच्या, ते बघा. पाठीला समांतर असले तर घडी गुळगुळीत पडते आणि पान आपोआप खाली बसतं. उलटी असली तर घडीवर कागद तडकतो, काळ्या छपाईवर तर पांढरी रेघ उमटते. ओळखायचं सोपं: कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा, ज्या बाजूनं सहज वाकतो, त्या वाकाच्या घडीला समांतर ती धार.

४) पानं एकात एक घातली की आतली पानं बाहेर सरकतात. बाहेरची कड कटिंगला जाते, तेव्हा कडेजवळ नावं किंवा अक्षरं ठेवू नका.

५) जाड कव्हरला घडी घालण्याआधी क्रीझ, म्हणजे घडीच्या जागी दाबाची रेघ, मारून घ्या. विसरू नका.

६) छपाईआधी कोऱ्या कागदाची डमी करा. त्याच कागदाची, त्याच मापाची. हे न करता आलेलं गिऱ्हाईक परत येतंच.

निळा_पडदा

मुद्दा २ माझ्या फसलेल्या पुस्तकाची कथाच आहे. बंदरावरच्या बोटींचे आडवे फोटो, दोन पानांवर पसरलेले. परफेक्ट बाइंडिंग, २०० प्रती. छपाईवाल्यानं डमी दाखवली नाही, मी मागितलीही नाही. गठ्ठे घरी आले, पहिलं पुस्तक उघडलं, आणि प्रत्येक बोटीचा मधला नाखवा पाठीत गेलेला. सगळ्या बोटी बिनमाणसांच्या! त्या दिवशी मी जेवलो नाही. नंतर दोन-दोन पानं सुटी करून, मध्ये दोरा घालून ४० प्रती हातानं पुन्हा शिवल्या. त्या ४० बऱ्या झाल्या.

सायक्लोस्टाइल

माझं वय ७८. तुमचा धागा दोनदा वाचला. 'झीन' हा शब्द मला नवा आहे, वस्तू मात्र ओळखीची वाटली.

आम्ही याला अनियतकालिक म्हणत होतो. १९५४ ते ६० या काळात 'शब्द' निघत होतं, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांचं. सायक्लोस्टाइल केलेलं, म्हणजे मेणकागदाच्या स्टेन्सिलमधून शाई उतरवून छापलेलं. त्यानंतर साठीच्या दशकात 'असो', 'फक्त', 'येरू', 'वाचा' अशी कितीतरी आली नि गेली. प्रस्थापित मासिकं छापत नाहीत ना, मग आम्हीच छापतो, एवढाच विचार. कोलटकर जे. जे. मध्ये शिकलेले आणि जाहिरात क्षेत्रात मुरलेले, त्यामुळे पुस्तक कसं दिसावं, हातात कसं बसावं, याचाही त्यांनी कवितेइतकाच विचार केला. अशोक शहाण्यांच्या 'प्रास' प्रकाशनाची पुस्तकं काढून बघा. कोलटकरांचा कवितासंग्रह 'भिजकी वही' हातात धरली की मी काय म्हणतो ते कळेल.

आम्ही पोरं दादरला एका खोलीत स्टेन्सिल कापायचो. टाइपरायटरची फीत काढून टाकायची, म्हणजे खिळा थेट मेणकागदावर बसतो. 'ठ', 'छ', 'ळ' यांची गोलाई कापली जाऊन मधला भाग गळून पडायचा आणि छापताना तिथे काळा ठिपका यायचा. चुकलं की लाल द्राव लावायचा, वाळेपर्यंत फुंकर मारायची. चित्र हवं असलं तर लोखंडी लेखणीनं मेणावर रेघ ओढायची. शाई बोटांना आठवडाभर राहायची. फोटो छापणं आमच्या आवाक्यात नव्हतं, ब्लॉक करायला पैसे कुठले? त्यामुळे पांढरी_पाटी, तुमचं ऐकून आनंद होतो की फोटोही आता घरच्या घरी येतात.

हडसनकाठ

काका, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. इथे न्यू यॉर्कला 'प्रिंटेड मॅटर' नावाचं दुकान आहे, १९७६ पासून फक्त कलाकारांनी केलेली पुस्तकं विकतं. मी न्यू जर्सीत राहते, महिन्यातून एकदा तरी जातेच. त्यांचा आर्ट बुक फेअर असतो तेव्हा तर पाय दुखेपर्यंत फिरते. टेबलामागे बसलेली माणसं बहुतेक तीच असतात ज्यांनी पुस्तक केलंय, पिना मारलेल्या बोटांनी सुट्टे पैसे परत देतात.

एड रूशे या चित्रकाराचं एक पुस्तक या सगळ्याच्या मुळाशी आहे असं म्हणतात. पेट्रोल पंपांचे २६ फोटो, साधे, रस्त्यावरून काढलेले, खाली फक्त कंपनी आणि गाव. १९६३ मध्ये ४०० प्रती निघाल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ते नाकारलं, तर त्यानं त्या नकाराचीच जाहिरात केली! तीन वर्षांनी लॉस एंजेलिसमधल्या सनसेट स्ट्रिपवरची प्रत्येक इमारत एका लांबलचक घडीपुस्तकात बसवली. रस्त्याची एक बाजू वर, दुसरी खाली उलटी.

मी ती घडी एका वाचनालयात काचेआड बघितली तेव्हा मला लक्ष्मी रोड आठवला. तुमच्या डब्यांचीही अशी एक लांब ओळ होऊ शकते, नंबरला लावल्यासारखी.

पांढरी_पाटी

हडसनकाठ, डब्यांची ओळ!! हे सुचलंच नव्हतं. चार वर्षांत मी रांगेचे फोटो डावीकडून उजवीकडे असे किती तरी काढलेत. मधल्या दोन पानांवर लावून बघते.

अर्धविराम

सायक्लोस्टाइल काकांचा सगळा आदर ठेवून, झीन म्हणजे अनियतकालिक नव्हे असं मला वाटतं. अनियतकालिकांची धडपड साहित्याची होती, भाषा मोडायची होती, त्यात संपादक होता, वाद होते, 'सत्यकथा' मासिकाची होळी होती. झीनमध्ये एकटा माणूस स्वतःच्या आवडीचं काहीही करतो. फोटोंची झीन तर अजून वेगळी, तिची पाळंमुळं छपाईच्या यंत्रात आहेत. जपानमध्ये अराकी हा फोटोग्राफर जाहिरात कंपनीत नोकरीला होता, तिथल्या झेरॉक्स यंत्रावर त्यानं १९७० मध्ये स्वतःच्या फोटोंचे अल्बम काढले आणि ओळखीच्यांना, अनोळख्यांनाही टपालानं पाठवून दिले. त्याला साहित्याशी देणंघेणं नव्हतं.

सायक्लोस्टाइल

अर्धविराम, फरक आहे हे मान्य. पण ऑफिसचं यंत्र वापरून रात्री छापणं आणि टपालानं पाठवणं, हे आम्हीही केलं आहे. नावात कशाला अडकायचं? 'अनियत' या शब्दात मोकळेपणा आहे. नियत नाही, नेमलेलं नाही. हा शब्द पोरांनी घ्यावा एवढंच म्हणणं.

मोगरी

'अनियत' +१. सुंदर शब्द.

दुसरी_घंटा

थोडं विषयांतर, पण उपयोगी पडेल. मी जव्हार तालुक्यात प्राथमिक शाळेत शिक्षक आहे.

आमच्याकडे मुलं एका ए४ कागदाची आठ पानी झीन करतात. कागद तीनदा दुमडायचा, उलगडला की आठ चौकोन दिसतात. मग आडवा दुमडून मधल्या दोन घरांपुरती एकच चीर द्यायची. दोन्ही टोकं धरून आत ढकलली की चीर चौकोनासारखी उघडते, आणि पुढे ढकललं की पुस्तक तयार! पिन नाही, गोंद नाही. ज्या क्षणी कागदाचं पुस्तक होतं तेव्हा वर्गात जो आवाज येतो तो मी लिहून सांगू शकत नाही. गेल्या वर्षी मुलांनी माझ्या फोनवर घरच्या वस्तूंचे फोटो काढले: कणगी, उखळ, टोपली, आजीच्या हातातल्या बांगड्या. शाळेच्या झेरॉक्सवर काढून प्रत्येकानं आपापली केली. चौथीतल्या एका मुलीनं सगळ्या पानांवर एकच कोंबडी ठेवली, प्रत्येक पानावर थोडी लांब गेलेली. शेवटच्या पानावर नुसतं अंगण.

जव्हारचा उल्लेख केला म्हणून आणखी एक. आमच्या भागात बोहाड्याचे, म्हणजे देवांचे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाचे, मुखवटे करणारे कलाकार आहेत, कोकणा आणि वारली समाजातले. फोटोग्राफर गौरी गिल यांनी त्यांना देवांऐवजी आजच्या जगण्याचे मुखवटे करायला सांगितलं आणि ते घालून लोक दवाखान्यात, दुकानात, घरात वावरताना फोटो काढले. त्या कामाचं पुस्तक झालं आहे, 'ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स'. शिवाय डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्याबरोबरचं 'फील्ड्स ऑफ साइट'. त्यात फोटोवर वांगड यांनी आपल्या गावाच्या गोष्टी काढल्या आहेत. जमीन एकाची, फोटो दुसरीचा, रेघ पुन्हा जमीनवाल्याची. आम्ही इथले लोक, आम्हाला हे फार जवळचं वाटतं. फोटो काढून माणूस निघून गेला असं झालं नाही.

म्हणून @पांढरी_पाटी, माझं एकच सांगणं: छापण्याआधी गिरणीवाल्यांना दाखवा.

शंकेखोर

दुसरी_घंटा सर, त्या कोंबडीच्या पुस्तकाची एक प्रत मला मिळेल का? मनापासून विचारतोय. वर मी जे लिहिलं त्यातलं निम्मं मागे घेतो.

दुसरी_घंटा

ती तिच्याकडे आहे. तिला विचारून झेरॉक्स पाठवतो, कागद तुम्ही स्वतः दुमडायचा.

मोगरी

मूळ प्रश्नांतले दोन राहिले, मजकूर आणि नावं. त्यावर लिहिते.

नावांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डब्यावरचं आडनाव ही त्या घराची वस्तू आहे, पण गिरणीत ते चारचौघांत उभं असतं. तरीही पुस्तकात आलं की कायमचं होतं. ज्यांचा डबा ओळखता येतो त्यांना विचारा. नाही सापडले तर ज्या फोटोत नावापेक्षा अक्षराचं वळण दिसतं तो घ्या. पूर्ण नाव आणि पत्ता दिसत असेल तर बिलकुल छापू नका. मी एकदा जुन्या बाजारातल्या फोटोंची झीन केली होती, एका बाईंनी येऊन विचारलं, 'हे माझ्या आईचं हस्ताक्षर तुम्हाला कुठं मिळालं?' त्यांना वाईट वाटलं नव्हतं, त्या रडत होत्या, पण मला आधी विचारायला हवं होतं हे त्या क्षणी कळलं. उरलेल्या सगळ्या प्रती मी त्यांनाच दिल्या.

मजकुराबद्दल: फोटोखाली 'ज्वारीचा डबा' असं लिहू नका, ते दिसतंच आहे. पण काहीच नको असंही मला वाटत नाही. दयानिता सिंग यांच्याच २००१ च्या, दिल्लीतल्या तृतीयपंथी मोना अहमद यांच्यावरच्या पुस्तकात मजकूर मोनानं प्रकाशकाला लिहिलेल्या ई-मेलमधून आला आहे. फोटो एकीचे आणि शब्द जिचे फोटो आहेत तिचे. तुमच्या पुस्तकात गिरणीवाल्या काकांचे शब्द यावेत.

निळा_पडदा

इथे माझं मत वेगळं आहे. पहिल्या पुस्तकात मी प्रत्येक फोटोला ओळ दिली होती आणि लोकांनी ओळी वाचल्या, फोटो बघितलेच नाहीत. शब्द समोर असले की डोळा आधी तिकडेच धावतो. फार तर शेवटच्या पानावर एक परिच्छेद, बाकी पानं मोकळी.

अर्धविराम

मधला मार्ग: मजकूर वेगळ्या छोट्या कागदावर छापून पुस्तकात सैल ठेवायचा. दळणाच्या चिठ्ठीएवढा!

मोगरी

अर्धविराम, दळणाची चिठ्ठी!! यावर मी आणि निळा_पडदा दोघेही राजी होऊ.

घडीवर_घडी

सैल चिठ्ठी गळून पडते. कव्हरच्या आतल्या बाजूला छोटी तिरकी चीर द्या, चिठ्ठी तिच्यात खोचता येईल. कव्हर २५० जीएसएमचं, म्हणजे जाड, घ्या, चीर फाटणार नाही.

रात्रपाळी

छपाईच्या खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून. मी गेल्या वर्षी ए५ ची ३२ पानी झीन केली. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सला बाजूमागे २ रुपये पडले, म्हणजे १६ बाजूंचे ३२ रुपये प्रत, कव्हर आणि पिना धरून ४५ च्या आत. रंगीत डिजिटलला १२ × १८ च्या कागदावर चार पानं एका बाजूला बसतात, चार कागदांत पुस्तक होतं, पण खर्च चार-पाच पट गेला. १०० प्रतींना ऑफसेटच्या नादी लागू नका, प्लेटांचाच खर्च वसूल होत नाही.

तिसरा पर्याय रिसोग्राफ. दिसायला झेरॉक्ससारखं यंत्र, पण आत काम सायक्लोस्टाइलचंच: मास्टरवर बारीक भोकं पडतात, तो ड्रमवर गुंडाळला जातो आणि शाई आतून बाहेर येते. साध्या यंत्रात एका वेळी एकच रंग. दोन रंग हवे तर ड्रम बदलून तोच कागद पुन्हा घालायचा, आणि तो केसभर सरकतोच. शाई तेलकट असते, पूर्ण वाळत नाही, बोटाला लागते. चकचकीत आर्ट पेपर चालत नाही, मॅपलिथोसारखा शाई पिणारा कागद लागतो. चौकशी केलीत तर क्लासवाल्यांकडे, शाळांकडे प्रश्नपत्रिका काढायला हे यंत्र सापडेल.

पिठाच्या फोटोंना रिसोचा दाणा फार शोभेल असं मला वाटतं.

सायक्लोस्टाइल

म्हणजे आमचं यंत्र गेलेलं नाही! रात्रपाळी, हे सांगितलंत म्हणून फार बरं वाटलं. अजून बोटाला शाई लागते म्हणता?

रात्रपाळी

लागते काका. तुमच्यासारखी आठवडाभर नाही, पण संध्याकाळपर्यंत नक्की.

३५मिमी

कव्हरसाठी पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद बघा, शिवाजीनगरला आहे, १९४० पासूनची संस्था. कोंड्यासारखे कण दिसणारा कागद मिळाला तर या विषयाला तोच.

पांढरी_पाटी

तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे प्रतिसाद छापून भिंतीवर लावले होते.

फोटो पोस्टकार्डाएवढे काढले, फरशीवर पसरले, आई चार दिवस स्वयंपाकघरात कडेकडेनं चालत होती. २१४ चे ६१ झाले, मग ३४. मध्ये डब्यांची ओळ दोन पानांवर. मजकूर नाही, चिठ्ठी आहे. ज्या नऊ डब्यांवर नाव वाचता येत होतं त्यातल्या सात घरी जाऊन आले. सहा जणांनी हो म्हटलं, एका आजींनी नको म्हटलं, तो फोटो काढला. उरलेले दोन डबे कुणाचे ते कळलं नाही, तेही काढले. ३१ राहिले.

क्रम मी माझ्या मनानं लावला होता. पहाटेच्या उजेडापासून संध्याकाळच्या दिव्यापर्यंत. काळे-पांढरे झेरॉक्स काढून डमी शिवली आणि परवा दुपारी गिरणीवाल्या काकांकडे घेऊन गेले.

त्यांनी हात झटकले, शर्टाला पुसले, तरी पहिल्याच पानावर अंगठ्याचा पांढरा ठसा उमटला. पानं हळू उलटत गेले. आपल्या पापण्यांचा फोटो आला तिथे थांबलेच नाहीत. बाराव्या पानावर थांबले. डावीकडे बाजरीचा डबा, उजवीकडे राजगिऱ्याचा. उजेड दोन्हींवर सारखा पडला होता म्हणून मी ती जोडी लावली होती, मला ती सगळ्यात आवडायची.

म्हणाले, 'बाजरीवर लगेच उपवासाचं कसं घातलंस? लोक काय खातील?'

मग त्यांनी मला बसवून क्रम सांगितला. सकाळी जातं स्वच्छ झाडून आधी उपवासाचं, आणि तेही ठरल्या वारीच. मग तांदूळ. मग गहू, दिवसभर गहूच जास्त. मग ज्वारी, बाजरी. डाळ सगळ्यात शेवटी, कारण तिचा वास जात्याला धरून बसतो, आणि डाळीनंतर मूठभर गहू फुकट टाकून जातं धुवायचं, ते पीठ कुणाच्या डब्यात जात नाही. चार वर्षं मी तिथे उभी होते आणि हे मला माहीत नव्हतं.

काल रात्री पुस्तक सगळं सोडवलं आणि त्यांच्या क्रमानं पुन्हा लावलं. निम्म्या जोड्या मोडल्या. नवीन जोड्यांत मला न सुचलेल्या काही आल्या: तांदळाच्या पिठाचं पांढरं आणि गव्हाचं पांढरं समोरासमोर आले की ते दोन वेगळे रंग आहेत हे पहिल्यांदा दिसतं. शेवटच्या पानावर आता ते मूठभर गहू आहेत. तो फोटो मी नापास केलेल्यांत टाकला होता.

चिठ्ठीवर काकांचा हा क्रम छापतेय, त्यांच्याच शब्दांत. छपाई रिसोवर, एकाच रंगात. १०० प्रती, त्यातल्या २५ गिरण्यांमध्ये आणि ज्यांचे डबे आहेत त्यांच्याकडे. बाकीच्यांची किंमत ६० रुपये.

निळा_पडदा

बाजरी आणि राजगिऱ्याची ती जोडी मोडल्याचं दुःख मी समजू शकतो. तुम्ही बरोबर केलंत. माझी एक प्रत नक्की.

शंकेखोर

दोन ठेवा. एक माझ्या गिरणीत द्यायची आहे.

सायक्लोस्टाइल

मला एक टपालानं. पत्ता खासगी निरोपात पाठवतो. अंगठ्याचा ठसा असलेली ती डमी मात्र कुणाला देऊ नका, जपून ठेवा.

घडीवर_घडी

राजगिऱ्याचं पान आता पुढे आलं म्हणजे मधली दोन पानंही सरकली असतील. डब्यांची ओळ नेमकी १६-१७ वरच आहे ना, ते मोजून घ्या. तेवढंच एक ठिकाण आहे जिथे कागद सलग असतो, बाकी सगळीकडे समोरासमोरची पानं वेगवेगळ्या कागदांची असतात.

पांढरी_पाटी

मोजलं. १४-१५ वर गेली होती. आत्ता गव्हाची दोन पानं पुढे घेतली, ओळ १६-१७ वर आली. दादा, उद्या डमी घेऊन तुमच्याकडे येऊ का?

घडीवर_घडी

अकराच्या आत या. कागदाची धार इथेच बघू.